एकास सत्त्याऐंशी

पहिली गोष्ट, टेरेन्स: गंज तपकिरी नसतो.
तपकिरी असतो तो दुकानातल्या बाटलीतला.
काल कापलेल्या पत्र्याची कड शेंदरी,
दोन हिवाळे भिजलेली तुळई विटकरी,
आणि ढिगाच्या तळाशी, जिथं ऊन पोचत नाही,
तिथं जांभळट काळा, खपलीसारखा.
मी बाविसाव्या वर्षापासून पाहत आलो
वरून, क्रेनच्या काचेच्या खोलीतून,
खाली मोनोंगहेला, खाली रूळ, खाली उघडे डबे.
खेळातली गाडीही माणूस वरूनच बघतो.
म्हणून मला हे जमतं. बाकी हात आता थरथरतात.

हे घे. मेणबत्त्यांच्या रिकाम्या वाट्या, कात्री,
गिटारची तुटलेली तार, सोड्याचा डबा उलटा करून.
घड्याळाची दातेरी चाकं नकोत.
सगळे तीच टाकतात, दिसायला छान म्हणून.
एकतीस वर्षांत मी एकही घड्याळ उचललं नाही.
उचलले पाइप, गाड्यांची दारं, रुळाचे खांड,
आणि बरंचसं असं,
की आधी काय होतं ते त्याचं त्यालाही आठवत नसावं.

तारेची घासणी व्हिनेगरमध्ये बुडव, चार दिवस.
झाकण घट्ट लावू नकोस.
मी एकदा लावलं होतं.
मार्गितच्या पडद्यावरचा तो डाग
मी आजवर बनवलेला सगळ्यात खरा गंज आहे.
ती म्हणते, ठेव मग, तुझ्या डब्यात भर.

आता ऐक. भंगार रचत नाहीत.
भंगार पडतं.
बटण सोडलं की चुंबक क्षणभर घुटमळायचं,
एखादा पत्रा लोंबकळायचा हट्टी पोरासारखा,
मग सगळं एकदम.
तो आवाज एकास सत्त्याऐंशीला बनत नाही, प्रयत्न केलाय.
तेव्हा तीन बोटांत धर, सोड.
जिथं पडेल तिथं डिंकाचा थेंब.
सरळ करायचा मोह होईल. हात मागं घे.

पत्रा हलका, त्याचा डोंगर होऊ दे.
तुळया असतील तर डबा निम्माच भर.
नवशिक्याला वाटतं, अर्धा रिकामा म्हणजे काम अपुरं.
वजनकाट्याला विचार.
शेवटच्या वर्षी आमचे सगळे डबे असेच गेले,
निम्मे.
क्लीव्हलंडची माणसं गॅसकटर घेऊन आली होती,
ती कापायची, मी भरायचो:
दोन नंबरच्या भट्टीचं छप्पर,
पुलाचा कठडा, हजेरीची खिडकी,
कपाटांची अख्खी ओळ.
पगार वेळेवर होता, खोटं कशाला बोलू.
क्रेन तेवढी मला भरता आली नाही.
तिच्यात मी बसलो होतो.

हो, तो हिरवा तुकडा. नजर चांगली आहे तुझी.
त्याला पावडर लावू नकोस, व्हिनेगरही नको.
कपाटाचं दार आहे ते, वीस मिलिमीटर उंच.
एकशे बेचाळीस, स्टीव्ह बोडनारचं.
दर ईस्टरला स्वतः रंगवायचा, कंपनीचा रंग चोरून.
मी उचललं तेव्हा आतल्या खिळ्याला
टोपी अजून लटकत होती.
मी थांबलो नाही. वर बसून थांबता येत नाही.

आकडा वाचता येणार नाही तुला,
भिंगानंही नाही.
पण लिहिलाय.

बस. फोमच्या खाली हा वॉशर चिकटव,
म्हणजे माल उचलता येतो.
हे चुंबक धर. अजून खाली. अजून.
लागलं? आता वर.
बघ, डबा रिकामा. नवा कोरा, आतून गंजलेला.
आता परत ठेव.
असं हळू नको रे.

सोड.